शिकलेला वास

शलाका पलंगाच्या कडेवरून मान खाली सोडून पडली होती आणि आठ वर्षांची अन्विता तिच्या नाकपुड्यांत जपून औषध सोडत होती. हे काम ती बाबांनाही करू देत नसे.

"हलू नकोस गं आई. रेशीम वाया जाईल."

थेंबांत खरोखरच रेशीम होतं. कोशातून काढलेल्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण, आणि प्रत्येक कणाच्या पोटात चेतातंतू वाढवणारं औषध. नुसतं औषध नाकात टिकत नसे, लगेच वाहून जाई. हे वाहककण मात्र नाकाच्या अगदी वरच्या अस्तराला चिकटून बसत आणि हळूहळू विरघळत तंतूंना दिवसभर औषध पाजत राहत.

अन्विता पोटात असताना शलाका साताऱ्यात स्कूटरवरून पडली होती. बाळ वाचलं, पण डोक्याला बसलेल्या हिसक्याने नाकातून मेंदूकडे जाणारे तंतू तुटले. तेव्हापासून तिला कसलाच वास येत नव्हता. बाळाला बघायला आलेल्या बायका टाळूला नाक लावून म्हणायच्या, "काय गोड वास येतोय!" शलाका हसून मान डोलवायची.

थेंब सुरू होऊन काही आठवडे गेले. एका दुपारी लसणाची फोडणी देताना तिच्या नाकात काहीतरी घुसलं. जळक्या टायरसारखं. लसूण असा नसतो हे तिला आठवत होतं, तरी ती आनंदाने रडली. अन्विता शाळेतून येताच तिने तिला दारातच कवेत घेतलं, केसांत नाक खुपसलं आणि झटकन मागे सरकली. कुजकी, करपलेली दुर्गंधी.

 त्या दिवसापासून अन्विता दोन-दोनदा आंघोळ करू लागली, आईपासून हातभर लांब बसू लागली. एकदा न्हाणीघरात ती घासणीने मान घासताना शलाकाला दिसली. कातडी लाल झाली होती.

"माझा घाण वास येतो ना गं?"

शलाका ओल्या फरशीवरच बसली. "तुझा नाही, राणी. माझ्याच नाकात गोंधळ झालाय."

ती अन्विताला घेऊनच दवाखान्यात गेली. डॉक्टर नसीमा मुजावर यांनी तपासण्या पाहिल्या. "तंतू वाढलेत, पण मेंदूत भलत्याच घरी जाऊन पोचलेत. औषध थांबवलं तर ते सुकतील, पुन्हा काहीच येणार नाही. चालू ठेवायचं तर मेंदूला नव्याने शिकवावं लागेल. एकच वास रोज लक्ष देऊन घ्यायचा. लवंग, लिंबू, काहीही."

"मी चालेन?" अन्विताने विचारलं.

मग रोज संध्याकाळी खेळून आली की ती घामेजलेलं डोकं आईच्या मांडीवर ठेवी. शलाकाला तो वास नकोसा होई. तरी ती वाके.

"आज कसा?"

"घाणच."

"कालच्यापेक्षा?"

"थोडा कमी." खोटं बोलायचं नाही, असं दोघींचं ठरलं होतं.

थंडी सुरू झाली तसा करपटपणा विरळ झाला, आणि त्याच्या खालून काहीतरी उबदार वर आलं. अपघाताआधी घेतलेल्या कुठल्याच वासाशी ते जुळत नव्हतं. शलाका किती वेळ वाकून बसली होती कोण जाणे. अन्विता तशीच झोपून गेली. पुढे पुढे तर लेक जिना चढून यायच्या आत शलाकाला ती आल्याचं कळू लागलं. बाकीचं जग अजून टायरसारखंच येत होतं.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. त्या खुशीत होत्या. "शलाकाताई, नवे कण आलेत. प्रत्येक तंतूचा पत्ता त्यांना ठाऊक असतो. तुमचे तंतू ते मूळ जागी नेऊन जोडतील. लसूण लसणासारखा येईल. अन्विताचाही खरा वास कळेल."

"आणि आत्ता येतो तो?"

"तो जाईल. आताच्या जोडण्या सुटतील ना."

अन्विता आईला रेलून उभी होती. शलाकाने तिच्या भांगावर नाक टेकलं आणि खोल श्वास घेतला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मग हा वास कोणाचा आहे?"