दुसऱ्या भागातला कप्तान

सिनेमाचा दुसरा भाग काढणारा आणि दुसरं लग्न करणारा, दोघांचं लोक तोंडावर कौतुक करतात आणि पाठ वळली की हसतात. लग्नाचं मला आधीपासून ठाऊक होतं, कारण नंदुरबारात मी लग्नांचंच शूटिंग करून पोट भरतो. सिनेमाचं यंदा कळलं.

मी नवनीत, मूळचा रनाळ्याचा. हळदीत नाचणाऱ्या मामांवर कॅमेरा धरून धरून वीट आला, तेव्हा आम्ही चार मित्रांनी अहिराणीत सिनेमा काढला. तोही समुद्री चाच्यांचा. खान्देशात समुद्र नाही हे आम्हालाही माहीत होतं. पण प्रकाशा गावच्या बॅरेजमुळे तापी अशी तुडुंब असते की कॅमेरा खाली धरला आणि पलीकडची केळी चौकटीबाहेर ठेवली, तर दर्या म्हणून खपून जाते. मासे धरायच्या दोन नावा एकमेकींना बांधल्या, वर प्लायवूड ठोकलं, झालं गलबत. शिडाची ताडपत्री मिरच्या वाळवायच्या पथारीवरून उचलून आणलेली. वारा सुटला की सगळी टोळी शिंकायची. 'समिंदरना वाघ' असं नाव ठेवलं आणि लोकांनी मोबाइलवर बघून तो डोक्यावर घेतला.

डोक्यावर घेतला तो खरं तर भूपेंद्रला. आमचा कप्तान. तापीकाठच्या गावातला गुजर, घरची केळी आणि कापूस. अभिनयाचा त्याला गंधही नव्हता, पण डोळ्यावर काळी पट्टी बांधून तो नावेच्या टोकावर उभा राहिला की बायाबापड्या मोबाइलपुढे टाळ्या वाजवायच्या. पहिल्या भागाच्या शेवटी कप्तान बुडतो आणि त्याचं प्रेत सापडत नाही. अशा वेळी आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. तो प्रसंग आम्ही प्रकाशाच्या घाटावर घेतला. मंत्र येणारा नट कुठून आणणार, म्हणून खऱ्याच गुरुजींना पाटावर बसवलं. गुरुजींनी सवयीने विचारलं, "मृताचं नाव?"

सिनेमातल्या कप्तानाचं नाव वेगळंच होतं. पण आम्ही कोणी तोंड उघडायच्या आत, कॅमेऱ्यामागे केळं सोलत उभा असलेला भूपेंद्रच बोलून गेला, "भूपेंद्र." घाटावर गुरुजींनी नाव विचारलं की माणूस आपलं नाव सांगतो, तसा. गोत्र त्याला आठवेना, तेव्हा गुरुजींनी काश्यप लावून टाकलं आणि विधी शेवटपर्यंत नीट केला. आम्ही पोट धरून हसलो. नंतर एडिटिंगला बसलो तेव्हा त्या संकल्पाचा आवाज इतका खणखणीत आला होता की मी तो तसाच ठेवला.

लोक ढसाढसा रडले. मग त्याच लोकांनी धोशा लावला, कप्तानला परत आणा. सिनेमात मेलेल्याला उठवणं काही अवघड नसतं. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच भूपेंद्र तापीतून वर येतो, डोळ्यावरची पट्टी पिळतो आणि म्हणतो, "मन्ही टोपी कोठे शे?" या एका वाक्यावर मी सगळा सिनेमा तोलला होता.

नंदुरबारच्या एका थिएटरात सकाळचा खेळ भाड्याने घेतला. खेळ सुटल्यावर मी आणि भूपेंद्र दारात उभे राहिलो आणि बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडापुढे मी माइक धरू लागलो. हल्ली त्याशिवाय सिनेमा पुरा होत नाही.

पहिला गडी कॉलेजातला. "भूपाभाऊनी एंट्री एक नंबर! अंगवर काटा उना!" त्याने भूपेंद्रला मिठीच मारली.

त्याच्यामागे वत्सलाबाई म्हणून एक बाई आल्या. माझ्या गल्लीतल्याच. नाक मुरडून म्हणाल्या, "पहिला भाग चांगला व्हता. कप्तान मरना तव्हय मी इतली रडनू, डोया सुजी गयात. पन यामा तो शेच नही. सगळा जन हवासंगे बोली ऱ्हायनात. आसा कोठे सिनेमा ऱ्हास?"

"मावशी, हाऊ काय तुमन्हा मोऱ्हे उभा शे," मी म्हणालो.

भूपेंद्रने हसून एक डोळा हाताने झाकला आणि सलाम ठोकला. वत्सलाबाईंनी तो उभा होता तिथे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कोन?" त्या म्हणाल्या.

फिरकी घेणं हा आमच्या गावाचा जुना धंदा आहे. आम्ही दोघेही हसलो. पण मग तेच तेच येऊ लागलं. एक जण म्हणे, काय कप्तान, काय तलवार. दुसरा म्हणे, नायकाशिवाय दुसरा भाग काढायची अवदसा कुठून आठवली? एका जोडप्याचं तर दारातच भांडण लागलं. नवरा म्हणत होता तो नाचला, बायको म्हणत होती नुसती नाव हलली. माझा पारा चढत चाललेला. कोणी तरी हे लोक पढवून पाठवलेत, असंच वाटत होतं.

समोर प्रेमचंदच्या टपरीवर गेलो. दोन चहा सांगितले. त्याने एकच भरला.

"दोन सांगात ना," मी म्हणालो.

"दुसरा कोन पिई?"

"आते तू बी सुरू व्हई गया का?"

प्रेमचंद माझ्याकडे काळजीने बघत राहिला. "नवनीतभाऊ, तुमन्हा दोस्त गया, माले समजस. मी बी रडनू ना त्या दिन. पन माणूसनी सावरी लेवाले पाहिजे." आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. भूपेंद्रने माझ्या हातातला ग्लास घेतला, एक घोट प्यायला आणि परत दिला. आता तो हसत नव्हता.

घरी जाऊन मी सगळा सिनेमा पुन्हा पाहिला. भूपेंद्र जागच्या जागी होता. दारातल्या प्रतिक्रियांचं शूटिंग पाहिलं. त्यातही तो होता, माझ्या शेजारी, वत्सलाबाईंच्या नाकापुढे सलाम ठोकणारा. मी देवधर्म न करणारा माणूस आहे. मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, एवढंच मी मानतो. पण त्या सगळ्या प्रतिक्रिया ओळीने ऐकताना एक गोष्ट लक्षात आली आणि माझं जेवणावरचं मन उडालं. नायक दिसला नाही म्हणणारा प्रत्येक जण आधी हेच सांगत होता, की पहिल्या भागात तो मेला तेव्हा मी रडलो. न चुकता प्रत्येक जण. ज्यांनी त्याला सगळ्यात जास्त जीव लावला, त्यांनाच तो दिसत नव्हता. उनाड पोरं, शेवट पुढे ढकलून बघणारे, मध्येच उठून गेलेले, त्यांना तो स्वच्छ दिसत होता.

मला का दिसत होता, त्याचंही उत्तर त्यातच होतं. तो प्रसंग मी एडिटिंगला इतक्यांदा पाहिला होता की रडू सोडा, जांभया यायच्या.

ट्रेलरखाली एकाने लिहिलं, 'वारलेल्या कलाकाराच्या नावावर धंदा करणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. ते मी भूपेंद्रला वाचून दाखवलं तेव्हा तो माझ्या स्टुडिओत भेळ खात बसला होता. त्याला म्हटलं, लोकांची बुद्धी गहाण पडलीय. तो बराच वेळ कागदाचा चमचा चावत राहिला.

"मायनी फोटो लाया आज," तो म्हणाला. "मन्हा. चंदनना हार बी लाया."

"आणि तू काय करत होतास?"

"तिना हात पुरे ना. स्टूल डगमगी ऱ्हायंतं. मी धरी ठेवं."

मी त्याच दिवशी पहिला भाग माझ्या चॅनेलवरून काढून टाकला. काय उपयोग? तो जिल्हाभर लोकांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसला होता. भूपेंद्रच्या आईच्या, मंगलाबाईंच्या मोबाइलमध्येही. त्या रोज दुपारी तो शेवट लावून बसायच्या. तो मंत्र, ते नाव, तो नारळ. ताटात त्याला वाढायचं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं.

वाढत होती ती एकटी कामिनीवहिनी. त्याची बायको. तिने पहिल्या भागाचा शेवट पाहिलाच नव्हता. "जिता माणूसनी क्रिया मी कसाले देखू?" असं म्हणून ती त्या वेळी उठून गेली होती. दुसरा भाग मात्र तिने पुढच्या रांगेत बसून पाहिला आणि टोपीच्या वाक्यावर सगळ्यात मोठ्याने तीच हसली. आता त्या घरात, आणि म्हणता म्हणता त्या गावात, भूपेंद्र होता तो फक्त तिच्यापुरता. ती त्याचे कपडे धुवायची, त्याच्याशी भांडायची, त्याला केळीच्या बागेत डबा पाठवायची. डबा नेणारा गडी तो बांधावर ठेवून परत यायचा. 'जोपर्यंत ती मन्हासंगे बोलस, तोपर्यंत मी शे,' असं भूपेंद्र मला फोनवर म्हणाला.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. "नवनीत, घर ये. बाया जमी ऱ्हायन्यात. तिले रडावाले."

आमच्याकडे हे असतं. घरातला कर्ता गेला आणि बायको रडली नाही, तर ते दुःख डोक्यात जातं म्हणतात. मग गल्लीतल्या जाणत्या बाया येतात, तिच्या गळ्यात पडतात, मेलेल्याच्या आठवणी काढतात आणि तिला रडवूनच उठतात. त्यात वाईट काही नसतं. मी आजवर त्याला मायाच समजत आलो होतो.

मोटारसायकल काढली आणि तापीचा पूल ओलांडून त्याच्या गावी पोचलो. ऊन चांगलं वर होतं. ओसरीवर बाया गोलाकार बसलेल्या. मध्ये कामिनीवहिनी, पाठ ताठ, डोळे कोरडे. तिच्या शेजारी भूपेंद्र. मी त्याच्या पलीकडे जाऊन बसलो. कामिनीवहिनीने उठून तीन कप चहा आणला. एक मला, एक त्याला, एक स्वतःला. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. भूपेंद्रने कप उचलून घोट घेतला.

फुलवंताबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, "रडी ले पोरी. मोकयी व्हशी."

"कसाले रडू? हाऊ काय, बठेल शे," कामिनीवहिनी म्हणाली. "आत्याबाई, तुमीन सांगा. तुमन्हा पोऱ्या चहा पिई ऱ्हायना. देखा तं खरं."

मंगलाबाईंनी पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते त्याच्या कपाळावरून, नाकावरून, ओठांवरून फिरले आणि मागच्या भिंतीवर जाऊन थांबले.

"मी बी रोज देखस पोरी," त्या म्हणाल्या. "रोज दारकडे देखस."

आणि त्या सुनेच्या गळ्यात पडल्या.

बायांनी हेल काढला. मंगलाबाई मध्येच बोलत होत्या, मध्येच गळा काढत होत्या. लहानपणी तव्यावरची भाकरी पळवायचा. पुरात पोहायला जायचा आणि मार नको म्हणून केस वाळवून घरी यायचा. एवढा पोहणारा पोर, पाण्याने कसा नेला?

"मी कोठेच गयू नही, माय," भूपेंद्र म्हणाला.

मी जमिनीकडे पाहिलं. मला रडायचं नव्हतं.

"कामिनी," तो म्हणाला, "मन्हाकडे देख. फक्त मन्हाकडे देख."

ती बघत होती. सासूच्या खांद्यावरून, डोळे न मिटता, ती त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ घट्ट आवळलेले.

मंगलाबाईंचा श्वास अडकला. तोंड उघडं, आवाज नाही. त्या अशा काही थरथरल्या की कामिनीवहिनीने घाबरून त्यांना छातीशी धरलं.

"आत्याबाई, नका. आत्याबाई!"

आणि तिचे डोळे भरले.

ती नवऱ्यासाठी रडली नाही. सासूची दया येऊन रडली. पण डोळ्यातून पाणी आलं.

"वहिनी!" मी ओरडलो.

बाया सैलावल्या. फुलवंताबाईने देवाला हात जोडले. मंगलाबाईंनी सुनेचं तोंड पदराने पुसलं. कामिनीवहिनीने दोन-तीन खोल श्वास घेतले, मग मान वर केली आणि थकलेल्या आवाजात माझ्याशी बोलली.

"नवनीतदादा, तुमीन एकलाच उनात?"

भूपेंद्र आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता. तिच्या पदराचं टोक त्याच्या मुठीत होतं.

ती उठली. पदर कशात तरी अडकला म्हणून तिने तो झटक्याने ओढून घेतला, आणि कप गोळा करायला वाकली. तिसरा कप हातात घेऊन थांबली. तो अर्धा होता. त्यातून अजून वाफ येत होती.

"हाऊ कोनी उष्टा करा?" तिने विचारलं, आणि उरलेला चहा मोरीत ओतून दिला.