बदल्यातला डोळा

माझा डावा डोळा अजून माझ्या चेहऱ्यावरच आहे, म्हणून लोकांना हे पटत नाही. नाही तर नाही. घडलं ते माझ्यासोबत.

१९७४ची संक्रांत. रिसोडजवळचं आमचं गाव. मी सात वर्षांची. माझे बाबा पुंजाजी मळ्यात भाजी आणि गुलाब लावायचे.

मळ्यापलीकडे एक कोरडी विहीर होती. तिच्या काठावर एक गुलाब. फिकट पिवळा. वास मात्र चहापत्तीचा डबा उघडल्यासारखा.

कुणी लावला, कुठून आला... कुणालाच माहीत नव्हतं.

त्यावर माशीसुद्धा बसत नसे.

बाबांना तो हवाच होता. गुलाबाचं कलम करताना एका झाडाचा कोंब सालीसकट काढून दुसऱ्यात बसवतात. त्याला म्हणतात डोळा भरणं. आमच्या घरची रीत होती, कुणाच्या झाडाचा डोळा घेतला की बदल्यात आपला द्यायचा.

इथे मालकच नव्हता. बाबांनी चाकू लावला आणि हसत म्हणाले, "ज्याचं झाड असन त्यानं यावं. माह्या घरचा पाहिजे तो डोळा घेऊन जावा."

मी त्यांचं धोतर धरून उभी होते.

विहिरीतून कुणीतरी... "बरं" म्हणालं.

भर दुपार होती. बाबा म्हणाले, पारवा असन.

कलम फुटलं त्या सकाळी आईने माझी हनुवटी धरली. "काहून वं, हा डोळा असा काहून करतं?"

"मले यातून दिसत नाही, आई."

अकोल्याच्या डॉक्टरांना डोळ्यात काहीच दोष सापडला नाही. बाबांनी कलम उपटलं. विहिरीवर जाऊन ते लहान पोरासारखे रडले. "माहा घे. पोरीचा वापस दे."

या वेळी विहिरीतून काहीच आवाज आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात विहिरीवरचा तो गुलाब फुलला आणि मला डाव्या डोळ्याने दिसलं! "बाबा, मले दिसून राह्यलं!"

बाबा धावत आले. मग मी नीट पाहिलं...

दिसत होतं आमचंच घर. लांबून. विहिरीच्या काठावरून.

आणि अंगणात मी उभी होते.

तेव्हापासून गुलाब फुलला की तेवढे दिवस दिसतं. आई-बाबा गेले, मी त्याच घरात आहे. दर हिवाळ्यात घर जरा जवळ आलेलं असतं. मागच्या वर्षी उंबरठा दिसला.

आज सकाळी स्वयंपाकघरात चहाचा वास आला. गॅस पेटवलेला नव्हता.

मी उजवा डोळा झाकला...

माझीच पाठ दिसली. अगदी जवळून.

हे लिहीपर्यंत मी मागे वळून पाहिलेलं नाही.