तीन जागांवरचं एकच अक्षर

सत्यजीतच्या राजनंदिनी आत्याचं लग्न झालं त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार तेवीसच्या मे महिन्यातली ही गोष्ट. वडगाव रासाईत हळदीची गडबड चालली होती आणि मांडवामागं, पाण्याच्या टँकरच्या सावलीत, तीन डोकी एका मोबाईलवर वाकली होती.

"अरे, आई हाका मारती! लाडू वळायचेत!" सत्यजीतची धाकटी बहीण नीलम कुरकुरली.

"वळतील लाडू! आधी हे बघ," पूनम म्हणाली. पूनम दौंडच्या शाळेत शिकायची. सुट्टीत ती आजोबांकडं, हरिबा आबांकडं आली होती.

मोबाईलवर गावातल्या विक्रमचं स्टेटस होतं. इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! ना अर्थ, ना शब्द. विक्रम इंजिनिअरिंग शिकून आलेला, पण धंदा नदीतून चोरून वाळू उपसायचा. भीमेचा अलीकडचा काठ शिरूर तालुक्यात, पलीकडचा दौंड तालुक्यात. शिरूरच्या पोलिसांची गाडी आली की वाळूची बोट पलीकडं आणि दौंडची आली की अलीकडं! बोट कुठं, कधी, हे तो आपल्या माणसांना स्टेटसमधून कळवायचा. सगळ्या गावाला दिसेल असं!

"बघा की खुशाल!" कालच तो मांडवात छाती फुगवून म्हणाला होता. "जय मल्हार! मशीनचं कुलूप हाय त्याला. रोज नवी किल्ली. तुमच्या बापाला न्हाई उघडायचं!"

मोठी माणसं हसली होती. हरिबा आबा मात्र हसले नव्हते. वाळूच्या खड्ड्यात त्यांचा म्होरक्या मेंढा बुडाला होता. आता नदी ओलांडायला एकच उतार उरला होता.

"त्योबी खांदला तर मेंढरं इकावी लागतील, पोरी," ते पूनमला म्हणाले होते. एवढंच. पण त्या दिवशी ते जेवले नव्हते.

"आमच्या शेजारचे शंकरराव आजोबा फौजेत बिनतारी संदेशांचं काम करायचे," पूनम सांगू लागली. "ते म्हणतात, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडं असंच यंत्र होतं. चाकं फिरायची, अक्षरं बदलायची, किल्ली रोज नवी. तरी इंग्रजांनी फोडलं!"

"कसं?"

"यंत्र हुशार, पण चालवणारा आळशी! रोज सकाळी हवामानाचा निरोप, रोज तेच शब्द. ते शब्द ओळखले की कुलूप ढिलं व्हायचं. मग बाकीचं शोधायला त्यांनी स्वतःची यंत्रं बांधली."

"आपल्याकडं कुठलं यंत्र? लाडवांची परात हाय फक्त!" सत्यजीत म्हणाला. पण रोजचं स्टेटस त्यानं जपून ठेवलं होतं. तिघांनी ती कागदावर एकाखाली एक मांडली. अक्षरं रोज वेगळी.

"थांबा!" नीलम ओरडली. "दुसरं, पाचवं आन् आठवं अक्षर बघा. अक्षर रोज येगळं, पण तिन्ही जागी एकच हाय!"

पूनम उडालीच. "म्हणजे सुरुवात रोज तीच! असं काय आहे, जे विक्रम रोज पहिल्यांदा..."

तेवढ्यात मांडवातून आवाज आला. "जय मल्हार, पाव्हणं!"

विक्रमच! देवाचं नाव घेतल्याबिगर त्याचं तोंडच उघडत नसे.

"जे, ए, वाय... एम, ए, एल... एच, ए, आर!" पूनमनं बोटांवर मोजलं. "दुसरं ए, पाचवं ए, आठवं ए! सापडलं!"

सात अक्षरं हाती आली. बाकीची, शब्दकोडं सुटावं तशी, सुटत गेली. आजचा निरोप उलगडला आणि तिघांची तोंडं उतरली. 'जय मल्हार. उद्या अक्षता पडताना बोट उतारावर. सगळे लग्नात असतील.'

तिघं धावले ते थेट जयसिंग मामांकडं. ते राजनंदिनीचे मामा आणि गावचे पोलीस पाटील.

"चला, पळा! हळदीत हेरगिरी करत्यात!" मामा हसले.

"मामा, एक करा," पूनम हट्टानं म्हणाली. "आत्ता विक्रमदादाला आवाज द्या. पहिला शब्द कुठला निघतो ते ऐका. तसाच तो रोज लिहितो!"

मामांनी हाक मारली. "जय मल्हार, मामा! काय काम काढलं?"

मामांचं हसू मावळलं. त्यांनी कागद हातात घेतला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "एका काठाला सांगून उपेग न्हाई."

"दोन्ही काठांना सांगा!" तिघं एकदमच ओरडले.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली. मामा नवरीमागं उभे, हातात अक्षता आणि कान खिशातल्या फोनकडं! 'शुभमंगल सावधान' झालं आणि फोन वाजला. बोट उतारावर शिरताच शिरूरची गाडी अलीकडं आली. बोट पलीकडं पळाली, तर तिथं दौंडची गाडी उभीच! बोट पकडली गेली. उताराला फावडंसुद्धा लागलं नव्हतं. बातमी मांडवात पोचली, तेव्हा पंगतीत बसलेल्या विक्रमचा घास हातातच राहिला.

"माझ्या मशीनचं कुलूप कुणी फोडलं?"

"मशीनचं न्हाई, तुझ्या तोंडाचं!" नीलम म्हणाली, आणि पंगत खदखदून हसली.

मामांनी तिघांना सगळ्यांपुढं उभं केलं. "आम्ही मोठी माणसं हसत बसलो. पोरांनी नदी राखली!" हरिबा आबांनी स्वतःचा पिवळा फेटा पूनमच्या डोक्यावर बांधला. मग ते पोटभर जेवले.

पाऊसकाळ सरल्यावर त्यांची मेंढरं पुन्हा त्याच उतारावरून पार झाली. एकही बुडालं नाही.

हरिबा आबा पुढच्या वर्षी, दोन हजार चोवीसच्या धुळवडीच्या सकाळी वारले; मेंढरं विकायची वेळ त्यांच्यावर शेवटपर्यंत आली नाही.