दहाच्या पुढे

मी दुकानात गेले होते ती मुंगीच्या खोलीसाठी रात्रीचा दिवा आणायला. माझ्या अडीच वर्षांच्या लेकीला अंधारात झोप लागत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तिला लागते, मला लागत नाही. तिची छाती वरखाली होताना दिसली पाहिजे. तिचे श्वास मोजत बसल्याशिवाय माझी रात्र सरत नाही.

दिवा मिळाला, आणि शेजारच्या फळीवर तो डबा दिसला. जुना बॉक्सिंगचा व्हिडिओ गेम, नव्या वेष्टनात. तिन्ही रूपं एकाच कन्सोलमध्ये: नाणं टाकून खेळायच्या उभ्या यंत्रावरचं पहिलं, टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरचं दुसरं आणि हातात मावणाऱ्या छोट्या कन्सोलवरचं तिसरं. मी तिथेच खिळले. त्या खेळात माझे बाबा आहेत.

म्हणजे त्यांचा आवाज. बाबा रेडिओवरच्या जाहिरातींना आवाज द्यायचे. टायर, साबण, खोकल्याचं औषध. खोकल्याचं औषध विकणाऱ्याला स्वतःला दमा, हा आमच्या घरातला जुना विनोद. गेमवाल्यांनी त्यांना रेफरीच्या आवाजासाठी नेलं. खेळाडू आडवा झाला की दहापर्यंत मोजायचं, बस. सात म्हणून झाल्यावर बाबांना धाप लागली, त्यांनी श्वास ओढला, मग आठ. पहिल्या यंत्रात तो श्वास तसाच राहिला. दुसऱ्यात जागा कमी म्हणून कापला. तिसऱ्यात आवाजच नव्हता, नुसती घंटा.

मुंगी पोटात असताना बाबा गेले. फोटो ढीगभर आहेत. पण रोज घरात बोलणाऱ्या माणसाचा आवाज कोण साठवून ठेवतं?

"अगं, हात तरी वर कर," सुट्टीच्या दुपारी नवरा म्हणाला. "तुझा गडी नुसता उभा राहून मार खातोय."

"खाऊ दे. पडला पाहिजे तो."

"हरायला बसलेली बाई पहिल्यांदाच बघतोय मी."

मग गडी पडला आणि रेफरी मोजू लागला. सातनंतर तो श्वास आला. मी पुन्हा हरले. मग आणखी एकदा.

तेव्हापासून मुंगी दुपारी आतल्या खोलीत झोपली की मी पडदे ओढून मार खायला बसायची. एकदा तिला कणकण होती. आवाजाने उठेल म्हणून मी तिसरं रूप लावलं, मुकं. गडी पडला. घंटा वाजली नाही.

"एक," बाबा म्हणाले.

खोलीत बाबांच्या छातीला चोळायच्या मलमाचा वास आला. आकडे खेळातल्यासारखे झपझप येत नव्हते. सावकाश येत होते, आमच्या लपाछपीतल्यासारखे. लहानपणी राज्य कायम बाबांवर असायचं. भिंतीकडे तोंड करून ते दहापर्यंत मोजायचे आणि विचारायचे, "येऊ का?" मी "अजून नाही!" म्हणून ओरडले की पुढे अकरा, बारा, माझं समाधान होईपर्यंत.

"सात..." श्वास. "आठ... नऊ... दहा..."

मी बटणावरचं बोट उचललं.

"अकरा."

संध्याकाळी आईला फोन केला. "आई, बाबांनी रेकॉर्डिंगच्या वेळी अकरा म्हटलं होतं का गं?"

"अकरा? बॉक्सिंगमध्ये अकरा कशाला म्हणेल कुणी? दहाला खेळ खलास." मग जरा थांबून, "तू नीट जेवतेस ना?"

आमच्याकडे भुताखेतांचं निदानही जेवणावरूनच होतं.

शहाणी बाई तिथेच थांबली असती. मी स्वतःला शिकलेली म्हणवते. डोक्यावर परिणाम झाल्याची लक्षणं वाचून काढली, त्यातली निम्मी मला आधीपासूनच होती. आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तिसरं रूप लावलं. मोजणी आदल्या दिवशी थांबली होती तिथूनच पुढे सुरू झाली. ती अडखळली की मी हळूच म्हणायची, "अजून नाही, बाबा." 'ये' म्हणायची छाती होत नव्हती. आणि ते थांबलेलं मला सोसणार नव्हतं.

परवा आकडे चालू होते. मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला, "अजून नाही!"

मी धावले. पलंग रिकामा. खिडकीचा लांब पडदा हलत होता. मागे मुंगी, तोंडावर दोन्ही हात दाबून. लपाछपी मी तिला कधी शिकवलीच नाही. कपाटात अडकून बसेल, ही भीती.

"कुणाशी खेळतेस गं?"

"आजोबांवर राज्य आहे," ती कुजबुजली. "आई, तू पण लप ना..."

बाहेर आकडे थांबले.

"येऊ का...?"

मुंगीने तोंड उघडलं. मी त्यावर हात ठेवला आणि तिला घेऊन पडद्यामागे सरकले. मला 'अजून नाही' म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आला, आणि मी तो गिळला.

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. मग चपलांच्या कपाटाचं दार करकरलं. बाबा नेहमी आधी मुद्दाम चुकीच्या जागी शोधायचे. झाकण उघडून म्हणायचे, "इथे नाही बुवा!" आणि मला राहवत नसे. मी पायाचा अंगठा पडद्याबाहेर काढून ठेवायची, सापडावं म्हणून.

धाप जवळ येत होती. मलमाचा वास दाटला. मी खाली पाहिलं. मुंगीचा इवलासा अंगठा पडद्याबाहेर होता.

मी तिचा पाय आत ओढला, आणि माझा बाहेर सरकवला.

बर्फासारख्या दोन बोटांनी माझा अंगठा धरला. हलकेच, चिमटा काढल्यासारखा. मग सोडला.

"आई सापडली!" मुंगीने टाळ्या पिटल्या. "आता तुझ्यावर राज्य!"

बाहेर कुणीच नव्हतं. गेमची घंटा वाजत होती.

रात्री मुंगी झोपल्यावर नवऱ्याने बाहेर गेम लावला, पहिलं रूप. "अगं, ऐकलंस का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "हा सात-आठ सलग म्हणतोय की. तो श्वास कुठे गेला?"

दिव्याच्या उजेडात मी मुंगीचे श्वास मोजत होते, रोजच्यासारखे. पाच, सहा, सात... आणि दर सातव्या श्वासानंतर एक जास्तीचा येत होता. पडद्यामागून.

दोन पावलांवर पडदा होता. हात लावला असता तर कळलं असतं. पण सापडलं की डाव संपतो.

मी उठले, आधी कपाटाचं दार उघडलं, आणि मुंगी जागी होणार नाही इतक्या हळू म्हणाले, "इथे नाही बुवा..."

पडद्यामागे कुणीतरी हसू दाबलं.