एका दाताला चार गोळ्या

अहो दातांच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टरसाहेब, गुन्हा तुमचाही आहे! सासूबाईंच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, हे सुनेने तुम्हाला दोनदा सांगितलं. दात काढायच्या तासभर आधी जंतू मारणाऱ्या चार गोळ्या एकदम घ्या, असं तुम्ही कागदावर खरडलंत. खुर्चीत बसवून विचारलंत, "गोळ्या घेतल्या ना?" म्हातारी हो म्हणाली. किती, हे विचारायला तुम्हाला सवड नव्हती!

सून त्या सकाळी चारही गोळ्या वाटीत काढून, पुन्हा पुन्हा बजावून लॉण्ड्रीत कामाला गेली होती. तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंना ताप चढला तो उतरेचना... तोंडातले जंतू रक्तातून थेट झडपेवर जाऊन बसले होते.

"तूच विसरलीस गोळ्या द्यायला!" नवरा वॉर्डाच्या दारात, परक्या माणसांदेखत ओरडला. "आईच्या जिवावर उठलीस!"

सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत सुनेला आदल्याच दिवशी तीन गोळ्या सापडल्या होत्या. वॉर्डातल्या डॉक्टरांना तिने त्या गुपचूप दाखवल्या. "कारण काहीही असो, आता उपचार तेच," ते म्हणाले, "पण त्यांच्या मनाला लागेल असं काही बोलू नका." मग तिने ओठ शिवून घेतले. दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभं राहायचं, संध्याकाळी सासूची वेणी घालायची आणि घरी नवऱ्याच्या अबोल्यासोबत चार घास गिळायचे... थकव्यालाही थकवा यावा असे एकवीस दिवस!

बाविसाव्या दिवशी आपला मुलगा गाल धरून बसलेला पाहून सासूबाईंनी चष्म्याची डबी मागितली. उघडली, तर आत नुसता चष्मा. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं गं?"

"झोपा आता, आई."

"झोपते कसली! अरे ए शहाण्या, तुझी अक्कलदाढ ठणकत होती ना? म्हटलं, माझ्या एका दाताला चार गोळ्या कशाला? एक घेतली, तीन तुझ्यासाठी ठेवल्या. आणि तू हिला... माझ्या लेकीला..." पुढचे शब्द हुंदक्यात विरले. सलाईनची नळी सावरत त्यांनी सुनेचा इस्त्रीने भाजलेला हात गालाशी धरला, आणि तिचा इतक्या दिवसांचा बांध फुटला!

नवरा खाली मान घालून पुटपुटला, "मला काय माहीत... तू सांगायचंस की."

तिने डोळे पुसले. आवाज चढवण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"मी सांगायचं? 'दिल्या होत्यास का गं गोळ्या?' एवढं तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. का नाही विचारलंत? इथेच, आईंसमोर सांगा."