आधी विचारलेला प्रश्न

मंगळवार हा लसीकरणाचा दिवस. कुसुम वळवीनं नऊ वाजता उपकेंद्राचं कुलूप काढलं तेव्हा ओट्यावर सात-आठ बाया पोरांना धडुत्यात गुंडाळून आधीच टेकल्या होत्या. डिसेंबरचा गारठा सातपुड्याच्या त्या खोऱ्यात सकाळी दहापर्यंत हलत नसे. कुसुमनं हात चोळले, रजिस्टर उघडलं आणि सवयीनं कोपऱ्यातल्या पेटीकडे नजर टाकली.

दीड वर्षापूर्वीपर्यंत लस बावीस किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रातून बर्फाच्या डब्यात, मोटारसायकलवर यायची. नाला भरला की यायचीच नाही. आता भिंतीला लागून कमरेएवढी पांढरी शीतपेटी उभी होती. दिवसा छपरावरच्या सौर पत्र्यांतून ऊन खायची, थंडावा पोटात साठवायची आणि महिनाभराची लस सांभाळायची. ती कुठल्या कंपनीची नव्हती. देशोदेशींच्या हौशी तंत्रज्ञांनी मिळून तिचा आराखडा केला, तिचा प्रोग्रॅम लिहिला आणि तो सगळ्यांना खुला ठेवला. सरकारनं तशा अकराशे पेट्या बनवून घेतल्या. कंपनीच नाही म्हटल्यावर तक्रारीचा नंबर कुठला? अडलं तर त्या तंत्रज्ञांना ऑनलाइन विचारायचं. त्यांच्या मराठी मंडळाचं नाव होतं 'चावडी'.

पेटीच्या काचेवर ४.१ अंश दिसत होतं. ते ठीकच होतं. पण आकड्याखाली एक बारीक निळं फूल लुकलुकत होतं. ते फूल कुसुमनं आधीही पाहिलं होतं, कधीमधी, पण तेव्हा ते स्थिर असायचं. मागच्या आठवड्यात पेटीनं आपण होऊन नवा प्रोग्रॅम घेतला होता, तेव्हापासून बहुतेक रोज सकाळी ते असं उघडझाप करायचं.

तिनं मोबाइलवर चावडी उघडली आणि लिहिलं, "नमस्कार. आमच्या पेटीवर निळं फूल लुकलुकतं. ते काय आहे? लस देऊ का?"

उत्तर पापणी लवायच्या आत आलं, कारण ते माणसाचं नव्हतं. चावडीवर येणारा प्रत्येक प्रश्न आधी 'चाळण' नावाचं यंत्र वाचत असे. त्याला योग्य वाटला तरच तो माणसांपर्यंत जाई, नाहीतर विचारणाऱ्याच्या खात्यातले गुण कापले जात.

"हा प्रश्न आधी विचारला गेला आहे. बंद करण्यात येत आहे. आपले पाच गुण वजा."

खाली पाच वर्षांपूर्वीच्या एका उत्तराचा दुवा होता. त्यात एकच ओळ होती. 'फुलाचे चिन्ह म्हणजे पेटी थंड करत आहे. काळजीचे कारण नाही.'

कुसुमचं समाधान झालं नाही. तिनं आरोग्य केंद्रात डॉक्टर इंगवल्यांना फोन लावला.

"सिस्टर, आकडा किती आहे? चार ना?" डॉक्टर घाईत होते. "आणि त्यांनी लिहिलंय ना, पेटी थंड करतेय म्हणून? मग झालं. ते बनवणारे, आपण वापरणारे."

पूर्वी लसीशेजारी गोठण ओळखणारं कागदी कार्ड ठेवायचे. पेटीच सगळं सांगते म्हणून ते वरून बंद झालं होतं. कुसुमनं एक कुपी उजेडात धरून हलवली. तळाशी पांढरं, गोठलेल्या लसीत बसतं तसं, जरा लवकर बसल्यासारखं वाटलं, पण ताडून बघायला शेजारी दुसरी चांगली कुपी नव्हती. ओट्यावर एक तान्हं रडायला लागलं.

"बाई, उशीर झाला तर माझी जीप जाईल," रमिला पाडवी म्हणाली. दीड महिन्याची रोशनी तिच्या छातीशी होती. घटसर्पासकट पाच रोगांवरची पेंटा लस, पहिला डोस. कुसुमनं सुई टोचली, रोशनीनं टाहो फोडला, रमिलानं कार्डावर पहिली खूण करून घेतली.

पुढच्या आठवड्यातही फूल लुकलुकतच होतं. कुसुमनं पुन्हा विचारलं आणि या वेळी नीट फोड करून लिहिलं. पूर्वी फूल स्थिर असायचं, आता लुकलुकतं. दुपारी जातं, सकाळी येतं. नवा प्रोग्रॅम आल्यापासून असं आहे. चाळणीनं तेच पाच वर्षांपूर्वीचं उत्तर पुढं केलं आणि दहा गुण कापले. तिसऱ्या वेळी प्रश्न कसाबसा माणसांपर्यंत पोहोचला. 'हिमरक्षक' नावानं लिहिणाऱ्या कुणा जुन्या सभासदानं दहा मिनिटांत उत्तर दिलं.

"फूल? ताई, ही चावडी आहे, बालवाडी नाही. आवृत्ती क्रमांक नाही, नोंदपट नाही, काही नाही. आधी वाचायला शिका, मग विचारायला या."

त्याखाली बासष्ट जणांनी पसंतीचा अंगठा लावला होता. आवृत्ती क्रमांक कुठं असतो आणि नोंदपट कसा काढायचा, हे कुसुमला ठाऊक नव्हतं. आणि ते विचारायचं तर तोही प्रश्नच होता. तेवढ्यात चाळणीचा निरोप आला. हाही प्रश्न बंद. गुण शून्याच्या खाली गेल्यामुळे तीस दिवस प्रश्न विचारता येणार नाही.

कुसुमची बारा वर्षं नोकरी झाली होती. कंदिलाच्या उजेडात, एकटीनं, तिनं पायाळू मुलं सुखरूप बाहेर काढली होती. खोऱ्यातली म्हातारीकोतारी माणसं तिला वाट देत. पण त्या चार ओळींनी तिचे कान तापले. तिनं आजूबाजूला पाहिलं. आशाताई पाणी भरत होती, तिला काही कळलं नव्हतं. कुसुमनं मोबाइल ओच्यात टाकला आणि हा विषय कुणाजवळ काढला नाही.

तीस दिवसांनी बंदी उठली. चावडीनं तसं कळवलंही. फूल अजून लुकलुकत होतं. कुसुमनं प्रश्न लिहिला, दोनदा वाचला आणि पुसून टाकला.

रोशनीचा दुसरा आणि तिसरा डोस ठरल्या दिवशी झाला. फेब्रुवारी संपता संपता ऊन तापायला लागलं तशी ती निळी खूण दिसेनाशी झाली आणि कामाच्या रगाड्यात ती कुसुमच्याही डोक्यातून गेली.

ऑक्टोबरमध्ये एका पाड्यावरून निरोप आला, पोरांचे गळे सुजलेत. कुसुम टेकडी चढून गेली. चार वर्षांच्या एका मुलाचा जबडा तिनं चमच्यानं उघडला आणि घशात राखाडी, चिवट पापुद्रा दिसला. घटसर्प. नर्सिंगच्या पुस्तकात चित्र होतं, प्रत्यक्षात तिनं तो कधी पाहिला नव्हता. तो मुलगा बाहेरगावचा होता, ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरणारा, एकही लस न घेतलेला. पण त्याच्या पाठोपाठ जी पोरं आजारी पडली ती कुसुमच्या रजिस्टरमधली होती. त्यांचे तीनही डोस पूर्ण होते. सहा आठवड्यांत अकरा मुलं पडली आणि तीन गेली. रोशनी पाडवी जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या वाटेवर, जीपमध्ये गेली. तेव्हा ती बारा महिन्यांची होती.

दहाव्यानंतर रमिला उपकेंद्रावर आली. रडली नाही, भांडली नाही. पिशवीतून कार्ड काढून तिनं टेबलावर ठेवलं.

"मला वाचता येत नाही, बाई. तुम्ही सांगा. तीन खुणा आहेत ना?"

"आहेत."

"मग मी एक पण मंगळवार चुकवला नाही ना?"

"नाही रमिला. तू नाही चुकवलास."

रमिलानं मान हलवली. कार्ड पुन्हा पिशवीत ठेवलं आणि आली तशी निघून गेली. कुसुमला वाटलं, हिनं एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

चौकशी समितीनं पेटी उघडली, तिच्या पोटातला नोंदपट, म्हणजे तासातासाच्या तापमानाची नोंद, काढला. सगळं त्यात होतं. ढगाळ दिवसांतही लस टिकावी म्हणून नवा प्रोग्रॅम पेटीला दिवसा जास्तीचा थंडावा साठवायला लावत होता. सपाटीवरच्या गावांत ते खपून गेलं. खोऱ्यातल्या कडाक्यात मात्र पहाटे दोन-तीन तास आतलं तापमान शून्याखाली घसरायचं आणि नऊ वाजेपर्यंत पुन्हा चारावर यायचं. पेंटा लस एकदा गोठली की मेली. वितळल्यावर दिसायला तीच, सुईतून जातेही तशीच, पण अंगात गेल्यावर काही करत नाही. लुकलुकणाऱ्या फुलाचा, म्हणजे हिमकणाच्या खुणेचा, नवा अर्थ होता, 'गेल्या आठ तासांत आत गोठलं होतं, लस वापरू नका'. तो इंग्रजी माहितीपत्रकाच्या एकेचाळिसाव्या पानावर दिलेला होता.

"सिस्टर, रोज तुमच्या डोळ्यांसमोर इशारा होता," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "एकदा विचारायचं तरी?"

"विचारलं होतं, साहेब. तीन वेळा."

त्यांनी कागद पुढं सरकवला. चावडीच्या अधिकृत नोंदीनुसार त्या उपकेंद्राकडून एकही प्रश्न आला नव्हता. बंद केलेले प्रश्न नव्वद दिवसांनी पुसले जात. आपला मोबाइल पावसात भिजून गेला, हे सांगताना स्वतःचंच बोलणं कुसुमला बनाव वाटायला लागलं. डॉक्टर इंगवल्यांना तिनं फोन केल्याचं नीटसं आठवत नव्हतं. कुसुम निलंबित झाली आणि उपकेंद्राचं गाव सोडून आपल्या घरी आली.

जानेवारीत एक अनोळखी बाई जीपमधून उतरून तिच्या अंगणात आली. चाळिशीची, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, बुटांना धूळ. कुसुम नागली निवडत होती.

"मी शलाका बेंद्रे. सांगलीहून आले." ती उभीच राहिली. "चावडीची चाळण मी लिहिली."

कुसुमनं सूप खाली ठेवलं. तिनं खाटेकडे हात केला आणि पाणी आणून दिलं.

शलाका पाणी प्यायली नाही. पेला दोन्ही हातांत धरून ती बोलत राहिली. वर्तमानपत्रात चौकशीची बातमी वाचल्यावर तिनं चाळणीच्या जुन्या प्रती धुंडाळल्या होत्या. पुसलेले प्रश्न तिथं सापडले. कुसुमचे तीनही होते, तारीखवार.

"तुम्ही एकट्या नव्हता, ताई. एक्केचाळीस केंद्रांतून हा प्रश्न आला होता. कुणी फूल लिहिलं, कुणी चांदणी, एकीनं निळा कोळी लिहिलं. चाळणीनं सगळ्यांना त्याच जुन्या उत्तराकडे पाठवलं."

"तिला असं कुणी शिकवलं?"

"आम्हीच," शलाका म्हणाली. "मुद्दाम नाही. आमची बारा वर्षांची उत्तरं तिला वाचायला दिली. साध्या बोलीत विचारणाऱ्यांना आम्ही कसे हाकलत होतो, ते तिनं पाहिलं. आणि प्रश्नाचं उत्तर दिलं काय नि प्रश्न बंद केला काय, हिशेबात दोन्ही 'मिटला' असंच धरायचो आम्ही. बंद करणं सोपं होतं." तिनं पेला खाली ठेवला. "गेल्या वर्षी आम्ही पेढे वाटले होते. नवख्यांचे प्रश्न नव्वद टक्क्यांनी कमी झाले म्हणून. आम्हाला वाटलं, लोक शिकले."

अंगणात कोंबडी नागलीच्या दाण्यांकडे सरकत होती. कुसुमनं तिला हाकललं नाही.

शलाकानं छापील कागद काढले. "हे मी समितीला दिलेत. तुमचं निलंबन मागं घ्यावंच लागेल."

कुसुमनं ते वाचले. आपलीच वाक्यं परक्यासारखी वाटत होती. "पहिले तीन प्रश्न तुमच्या यंत्रानं आणि माणसांनी मारले," ती सावकाश म्हणाली. "पण बंदी उठल्यावर मी चौथ्यांदा विचारायला हवं होतं. मला लाज वाटली. ते कुठल्याच कागदावर नाही. माझ्यापाशी आहे."

शलाकाची मान खाली गेली. "हिमरक्षक म्हणजे कोण, ते विचारणार नाही तुम्ही?"

"विचारून काय करू? त्याला माझं नाव माहीत होतं का? मला त्याचं कशाला?" कुसुमनं कागद घडी करून परत दिले. "बाकीच्या पेट्यांचं काय?"

तेच सांगायला ती आली होती. प्रोग्रॅम दुरुस्त झाला होता. पण मागच्या हिवाळ्यात कुठल्या पेट्या गोठल्या आणि कुठल्या मुलांना पुन्हा लस द्यायची, हे कळायला प्रत्येक पेटी उघडावी लागणार होती. अकराशे पेट्या, त्या उघडता येणारी माणसं नऊ. तोवर सिस्टरांनाच विचारणं हा एक मार्ग होता. शलाकानं चाळण काढून टाकली होती, गुण रद्द केले होते आणि सगळ्या केंद्रांना निरोप पाठवला होता, काय दिसलं होतं ते सांगा, काय वाटेल ते विचारा.

"मग?"

"आठ दिवस झाले. एकीनंही लिहिलं नाही."

कुसुम उठली, पदर खोचला आणि घरामागच्या टेकाडावर गेली. तिच्या गावात रेंज तेवढी तिथंच मिळायची. शलाका मागोमाग चढली. कुसुमनं सुमित्रा वसावेचा नंबर लावला. दोघी एकाच वर्षी नर्सिंग पास झाल्या होत्या, आता सुमित्रा डोंगरापलीकडच्या उपकेंद्रात होती.

"काय ग कुसुम, कशी आहेस? ऐकलं सगळं. वाईट झालं."

"सुमित्रा, तुझ्या पेटीचं सांग. मागच्या हिवाळ्यात सकाळी तिच्यावर काही दिसत होतं?"

"आमची पेटी चांगली आहे. काही नाही. आम्ही तसं वर लिहूनही दिलं ना."

"मी साहेबांसाठी विचारत नाही. मला विचारायचंय."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत राहिला. लांब कुठंतरी पोरं शाळेत एकासुरात पाढे म्हणत होती. कुसुमनं घाई केली नाही. शलाका वही उघडून उभी होती, तिचं पेन कागदावर टेकलेलं.

"कुसुम," सुमित्राचा आवाज एकदम लहान झाला, "एक विचारू? अगदी साधं आहे. हसणार नाहीस ना?"