उताराला न्यूट्रल

खोटं वाटत असेल तर पांढरकवड्याला या. माझे देवसिंगमामा तिथंच राहतात. विचारा त्यांना.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रात्र नव्हती, सकाळ होती. पण धुकं असं, की समोरचा रस्ता दिसेना.

मामांनी जन्मभर ट्रक चालवला. केळापूरची कोकिळा त्यांच्याकडे गाडी शिकायची. नवरा वारला होता, घर तिलाच ओढायचं होतं. त्याआधी तिनं ड्रायव्हिंगचा वर्गही केला होता.

"उस्ताद, उताराले गाडी गिअरमधीच ठेवा, नाईतं आवरत नाई, असं सरनं शिकवलं."

मामा हसायचे. "फळ्यावर उतार असते का वं? न्यूट्रल मार. डिझेल वाचते."

तिनं ऐकलं.

दिवाळीनंतर एकटीनं नेलेल्या पहिल्याच खेपेला, उतारावर तिची गाडी सुटली. कोकिळा जागीच गेली. गाडी न्यूट्रलमध्ये सापडली.

पोलिसांनी मामांना विचारलं.

"म्या नाई शिकवलं असं. वर्गात काय शिकली, मले मालूम नाई."

दोष वर्गावर गेला, वर्ग बंद पडला. मामांची झोप उडाली.

धुक्याच्या त्या सकाळी मामा मारेगावहून कापसाच्या गाठी घेऊन निघाले. एकटेच. तोच उतार आला. सवयीनं हात गिअरवर गेला.

गिअर हलेना.

दांड्यावर आधीच कुणाचा तरी हात होता... थंडगार.

मग शेजारून आवाज आला... खट्.

रिकाम्या सीटचा बेल्ट लागला होता. कुणी बसल्यावर ताणतो, तसा ताणलेला...

"कोकिळा, चुकलो वं बाई..."

शेजारून नुसता श्वास.

गाडी गिअरमध्येच घरघरत उतरली. खाली धुक्यात एक टँकर आडवा पडला होता. मामांची गाडी त्याच्या हातभर अलीकडे थांबली.

मामा कडेनं गाडी काढून तिथून थेट केळापूरला गेले. कोकिळाची आई रुखमाबाई अंगणात तूर पाखडत होती. गाडी दारापुढं लावून मामा तिच्या पायाशी बसले.

"न्यूट्रल म्याच शिकवलं. पोलिसाईपाशी खोटं बोललो."

रुखमाबाई रडली नाही. मामांच्या मागं उभ्या ट्रककडे बघत राहिली.

"सारं सांगून टाकलं नं भाऊ?"

"हो बाई."

"मंग पोरगी काहून उतरून नाई राह्यली?"

मामांनी मागं वळून पाहिलं नाही. पायीच निघून आले.

गाठी दुसऱ्या ट्रकनं गेल्या. मामांची गाडी अजून त्या दारात उभी आहे. रुखमाबाई ती नेऊ देत नाही.

ठाण्यात जाऊन खरं सांगतो, असं मामा रोज म्हणतात...

अजून गेलेले नाहीत.